वेदना : समज आणि गैरसमज

प्रस्तावना

'काय, कसे काय?' असे कुणी विचारले की 'ठीक आहे, जरा कंबर धरली आहे' असे उत्तर आपण अनेकदा ऐकतो. दुखणे दोन-चार दिवसांचे असले, तर घरची माणसे आपुलकीने चौकशी करतात, शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून देतात. परंतु तेच दुखणे महिनोन्महिने टिकले, की चौकशीचा सूर बदलतो. 'अजून दुखतेच आहे का?' या प्रश्नात काळजीपेक्षा शंका अधिक डोकावू लागते. अशा वेळी दुखणाऱ्या माणसाला दोन ओझी वाहावी लागतात : एक वेदनेचे आणि दुसरे अविश्वासाचे. पहिले ओझे हलके करायला वेळ लागतो. दुसरे मात्र योग्य माहितीने पुष्कळ कमी होऊ शकते. प्रस्तुत माहितीपर पाठात दीर्घकाळ टिकणाऱ्या वेदनेविषयी समाजात रूढ असलेल्या काही गैरसमजांचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• तात्पुरती वेदना आणि दीर्घकालीन वेदना यांतील फरक सांगू शकाल;
• दीर्घकालीन वेदनेविषयीचे गैरसमज ओळखून ते का चुकीचे आहेत, हे स्पष्ट करू शकाल;
• वेदनेचे वर्णन करणारे मराठी शब्द नेमकेपणाने वापरू शकाल;
• कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये, हे सांगू शकाल.

मूळ पाठ

१. राखणदार आणि त्याची हाक

तव्याचा चटका बसला की हात आपोआप मागे येतो. पायात काटा रुतला की पाऊल थबकते. वेदना ही शरीराची राखणदार आहे. त्वचा, स्नायू, सांधे यांमध्ये पसरलेल्या चेतातंतूंची टोके धोक्याची वार्ता मेरुरज्जूकडे आणि मेरुरज्जू ती मेंदूकडे पोचवतो. मेंदू मात्र ही वार्ता जशीच्या तशी स्वीकारत नाही. पूर्वीचे अनुभव, भीती, अपुरी झोप, भोवतालची परिस्थिती या साऱ्यांचा परिणाम होऊन वेदना कमी किंवा अधिक जाणवते.

१९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी 'द्वार-नियंत्रण सिद्धांत' मांडला. मेरुरज्जूमध्ये जणू एक फाटक असते. ते कधी अधिक उघडते, कधी मिटते आणि त्यानुसार वेदनेचे संदेश मेंदूकडे जातात किंवा अडतात, असे त्यांनी सांगितले. लहान मूल पडले की आई त्याचा गुडघा चोळते. त्या चोळण्याने स्पर्शाचे संदेश पुढे जातात आणि वेदनेच्या संदेशांची वाट काहीशी अडते. या सिद्धांताच्या तपशिलांत पुढे दुरुस्त्या झाल्या. परंतु वेदनेचे संदेश वाटेतच कमी-अधिक होतात, ही त्यातील मुख्य कल्पना टिकून राहिली.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. संधिवातासारख्या आजारात किंवा मधुमेहामुळे चेतातंतूंना इजा झाल्यास वेदनेचे कारण शरीरात कायम असते. २००६ साली महाराष्ट्रासह देशाच्या मोठ्या भागात चिकुनगुनियाची साथ आली. ताप काही दिवसांत उतरला, पण अनेकांचे सांधे पुढे महिनोन्महिने दुखत राहिले. कित्येकदा मात्र मूळ इजा भरून येते आणि तरीही दुखणे राहते. 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' ही म्हण आपण वेगळ्या संदर्भात वापरतो. पण येथेही ती लागू पडते. इजेचा सुंभ जळून गेलेला असतो, चेतासंस्थेत पडलेला पीळ तेवढा उरलेला असतो.

२. एक उदाहरण

हा विषय नीट समजावा म्हणून आपण एक उदाहरण कल्पू या. खानदेशातून सुरतेला जाऊन स्थायिक झालेली एक बाई शिवणयंत्रावर साड्यांना लेस लावण्याचे काम करते. एके दिवशी पाण्याचा हंडा उचलताना तिच्या कमरेत उसण भरते. चार-सहा आठवड्यांत दुखावलेले स्नायू भरून यायला हवेत. पण आठ महिने झाले तरी तिची कंबर दुखतेच आहे. दर वर्षी आखाजीला माहेरी जाणारी ही बाई यंदा गेली नाही. आगगाडीत इतके तास बसवेल का, ही तिला भीती. तिच्या भोवतालची माणसे वाईट नाहीत. परंतु प्रत्येक जण एकेक गैरसमज घेऊन तिच्याकडे येतो. ते गैरसमज आता क्रमाने पाहू.

३. 'जितके दुखते, तितके आत बिघडलेले असते'

त्या बाईला स्वतःलाच असे वाटते. वाकले की कळ येते. म्हणजे वाकल्याने मणका झिजत असणार, अशी तिची समजूत होते. पण वेदनेचे मान आणि इजेचे मान नेहमी सारखे नसते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरांनी गंभीर जखमी सैनिकांची पाहणी केली. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार, सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांना विचारले असता त्यांनी वेदनाशामक औषध नको असे सांगितले. रणांगणातून आपण जिवंत सुटलो, या भावनेचा त्यांच्या वेदनेवर परिणाम झाला असावा, असे बीचर यांना वाटले. जखम मोठी, वेदना थोडी.

याच्या उलटही घडते. अपघातात हात किंवा पाय गमावलेल्या अनेकांना नसलेल्या अवयवात असह्य वेदना होतात. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात आरशाचा उपयोग करून अशा काही रुग्णांवर उपचार करून पाहिले. आरशात दिसणारे धडधाकट हाताचे प्रतिबिंब गमावलेल्या हाताच्या जागी दिसेल अशी योजना त्यांनी केली आणि काही रुग्णांची वेदना कमी झाली. अवयवच नाही, तरी वेदना खरी होती.

सतत दुखत राहिल्याने चेतासंस्था अधिक हळवी होते. १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की इजेनंतर मेरुरज्जूतील चेतापेशी अधिक संवेदनशील होतात. मग साध्या स्पर्शाची किंवा हालचालीची वार्ताही धोक्याची वार्ता ठरते. राखणदार इतका सावध होतो, की पान हलले तरी तो ओरडतो. त्याची हाक खरी असते. पण दर वेळी दारात चोर असतोच असे नाही.

४. 'तपासणीत काही निघाले नाही, म्हणजे सोंग आहे'

कारखान्यातील मुकादम म्हणतो, "एक्स-रे तर चांगला आला ना? मग कामात अंग कशाला चोरता?" हा सर्वांत क्रूर गैरसमज होय. क्ष-किरणांनी हाड दिसते. वेदना दिसत नाही. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० साली वेदनेची सुधारित व्याख्या प्रसिद्ध केली. वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा अप्रिय अनुभव आहे. तो प्रत्यक्ष किंवा संभाव्य इजेशी निगडित असतो किंवा तशा इजेच्या अनुभवासारखा असतो, असा तिचा आशय आहे. आपल्याला वेदना होते असे माणूस सांगतो, तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर करावा, असेही त्या व्याख्येसोबत नमूद केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. तीत दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले. म्हणजे ती केवळ दुसऱ्या आजाराचे लक्षण नसून स्वतःच एक आजार असू शकते, हे मान्य झाले.

या गैरसमजाला दुसरीही बाजू आहे. शेजारीण सांगते, "माझ्या भावाच्या एमआरआयमध्ये गादी सरकलेली निघाली. तूही काढून घे." बाई उसने पैसे घेऊन तपासणी करते. अहवालात 'चकतीची झीज' हे शब्द असतात आणि ती आणखी घाबरते. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठ मुळीच दुखत नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या अशा तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. मणक्यांमधील चकत्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के, तर ऐंशीच्या घरातील ९६ टक्के लोकांत आढळली. केस पांढरे व्हावेत, तशी ही झीजही वयानुसार होते. अहवालातील प्रत्येक शब्द हा वेदनेचे कारण असतोच असे नाही. तपासणी करावी की नाही, हे डॉक्टरांनी रुग्णाला तपासून ठरवावे.

५. 'पडून राहिले की बरे वाटेल'

सासूबाई मायेने म्हणतात, "तू उठू नकोस. पडून राहा बाई." सल्ला प्रेमाचा आहे; पण योग्य नाही. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवस, तर काहींना सात दिवस अंथरुणावर विश्रांती घेण्यास सांगितले होते. दोन दिवसांचा सल्ला मिळालेल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले आणि इतर बाबतीत दोन्ही गटांत विशेष फरक दिसला नाही. दीर्घ विश्रांतीने स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात, झोप बिघडते आणि हालचालीची भीती वाढते.

याच्या उलट चूक म्हणजे बरे वाटले की एका दिवसात साठलेली सगळी कामे उरकणे आणि मग तीन दिवस अंथरूण धरणे. या दोहोंमधला मार्ग असा : किती वेळ चालल्यावर किंवा बसल्यावर दुखणे वाढते, ते आधी पाहावे. त्याहून थोडा कमी वेळ ठरवावा. दहा मिनिटांनी दुखणे वाढत असेल, तर आठ मिनिटे चालावे. चांगल्या दिवशी आठच आणि वाईट दिवशीही जमेल तर आठच. आठवड्याने एखादे मिनिट वाढवावे. 'आजार येतो हत्तीच्या पावलाने आणि जातो मुंगीच्या पावलाने' असे आपले वाडवडील सांगत आले आहेत. मुंगीचे पाऊल लहान असते, पण ती थांबत नाही.

६. 'एक जालीम औषध मिळाले की झाले'

कुणी पट्टा आणतो, कुणी नाव नसलेल्या भुकटीच्या पुड्या देतो. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्यांनी काही दिवस चमत्कार झाल्यासारखा वाटतो. पुढे हाडे ठिसूळ होणे, रक्तातील साखर वाढणे असे दुष्परिणाम भोगावे लागतात. दुकानातून मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही दीर्घकाळ चालू ठेवल्यास जठरात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडांना इजा पोचू शकते.

डिसेंबर २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रुग्णाला आजार समजावून देणे, व्यायाम, मानसोपचारातील काही पद्धती आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही औषधे यांची शिफारस त्यांत आहे. कमरेचे पट्टे, वजन लावून ताण देणे आणि अफूजन्य वेदनाशामके यांचा नित्याचा उपचार म्हणून वापर करू नये, असे त्यांत म्हटले आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तेथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन हे आवश्यक औषध असते. 'सवय लागेल' या भीतीने रुग्णाला त्यापासून वंचित ठेवणे योग्य नव्हे.

मानसोपचाराचे नाव काढताच 'म्हणजे मी वेडी आहे का?' असे ती बाई विचारते. तसे मुळीच नाही. भीती, चिंता आणि जागरण यांनी वेदना वाढते, हे आपण पाहिलेच. म्हणून मनावरचा ताण हलका करणे हाही उपचाराचाच भाग ठरतो.

७. 'बरे होणे म्हणजे अजिबात न दुखणे'

वेदना शून्यावर येईपर्यंत जगणे थांबवून ठेवायचे, असे अनेकजण ठरवतात. काहींची वेदना पूर्ण जाते, काहींची कमी होते, तर काहींची चढउतार होत राहते. म्हणून 'किती दुखते?' या प्रश्नासोबत 'काय करता येऊ लागले?' हाही प्रश्न विचारावा. आपल्या उदाहरणातील बाई सरकारी रुग्णालयातील भौतिकोपचार विभागात जाते. काही महिन्यांनी ती तासभर यंत्रावर बसू शकते. मध्ये उठून चार पावले टाकते. मुकादमाशी बोलून तिने तशी मुभा मिळवली आहे. घरात हंडा आता मुलगा उचलतो, आणि त्यात कमीपणा कुणालाच वाटत नाही. पुढच्या आखाजीला ती अमळनेरची गाडी पकडते. डब्यात ती दोन-तीनदा उभी राहते. कंबर दुखत नाही असे नाही. पण ती माहेरी पोचते.

८. या लक्षणांकडे दुर्लक्ष नको

दीर्घकालीन वेदना म्हणजे धोका नव्हे, हे खरे. परंतु काही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील भागात बधिरता येणे, पायांतील शक्ती कमी होत जाणे – अशा वेळी एक दिवसही थांबू नये. पाठदुखीसोबत ताप, कारण नसताना वजन घटणे, रात्री झोपू न देणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे असल्यासही विलंब करू नये. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोगही आढळतो. तो वेळीच ओळखल्यास औषधांनी बरा होतो.

पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. दीर्घकालीन वेदना म्हणजे –
(क) तीन दिवसांहून (ख) तीन आठवड्यांहून (ग) तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वेदना.
२. द्वार-नियंत्रण सिद्धांत या साली मांडला गेला –
(क) १९४६ (ख) १९६५ (ग) १९८३.

(आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. पाठ न दुखणाऱ्या माणसांच्या मणक्यांतही झीज आढळू शकते.
२. बरे वाटलेल्या दिवशी साठलेली सर्व कामे उरकून घ्यावीत.
३. लघवीवरचा ताबा सुटल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे.

भाषाभ्यास

(अ) वेदनेचे शब्द : डॉक्टरांना केवळ 'दुखते' असे सांगण्यापेक्षा नेमका शब्द वापरला, तर निदानाला मदत होते. मराठी या बाबतीत समृद्ध आहे.
• कळ – अचानक येऊन जाणारी तीव्र वेदना
• ठणका – खोलवर, सतत जाणवणारी वेदना
• ठसठस – गळू पिकताना होते तशी, नाडीच्या तालावर होणारी वेदना
• चमक – हालचाल करताना क्षणभर उठणारी वेदना
• उसण – पाठीचे वा कमरेचे स्नायू एकाएकी धरल्याने होणारी वेदना
• पेटका – स्नायू आवळून गोळा आल्यासारखे होणे
• जळजळ, चुरचुर – आग झाल्यासारखी संवेदना
• मुंग्या येणे, बधिर होणे – स्पर्शाची जाणीव बदलणे किंवा नाहीशी होणे
'सल' हा शब्द पायातल्या काट्यासाठी येतो, तसाच मनात राहिलेल्या दुःखासाठीही येतो. परप्रांतात राहणाऱ्यांनी यांतील आपल्या उपयोगाचे शब्द तेथील भाषेत कसे सांगतात, तेही विचारून ठेवावे.

(आ) म्हण : सुंभ जळला तरी पीळ जात नाही – वैभव किंवा सत्ता गेली, तरी जुना ताठा न जाणे. (सुंभ – काथ्याची दोरी.) पाठात ही म्हण नेहमीच्या अर्थाहून वेगळ्या अर्थाने योजली आहे.

(इ) वाक्प्रचार : कंबर कसणे – जिद्दीने तयार होणे; कंबरडे मोडणे – मोठे नुकसान होऊन खचणे; अंग चोरणे – कामात टाळाटाळ करणे; अंथरूण धरणे – आजारी पडून राहणे; बाऊ करणे – क्षुल्लक गोष्टीला अवास्तव महत्त्व देणे.

आपण काय शिकलो?

• वेदना ही शरीराची राखणदार आहे. परंतु वेदनेचे मान आणि इजेचे मान नेहमी सारखे नसते.
• तपासणीत कारण न दिसणे म्हणजे वेदना खोटी असणे नव्हे.
• दीर्घ विश्रांतीपेक्षा ठरवून, हळूहळू वाढवलेली हालचाल अधिक उपयोगी ठरते.
• बरे होणे म्हणजे केवळ वेदना जाणे नव्हे, तर आयुष्यातील कामे आणि आनंद परत मिळवणे.

स्वाध्याय

१. 'दुखणाऱ्या माणसाला दोन ओझी वाहावी लागतात' या विधानाचा अर्थ चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.
२. जखमी सैनिक आणि अवयव गमावलेले रुग्ण या दोन उदाहरणांतून कोणती गोष्ट सिद्ध होते?
३. पाठातील मुकादम, शेजारीण आणि सासूबाई यांच्या बोलण्यातील हेतू आणि चूक वेगवेगळी लिहा.
४. 'कंबर कसणे' आणि 'अंग चोरणे' या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाला दीर्घकाळ दुखणे असल्यास त्यांच्याशी बोला. दुखण्यापेक्षा लोकांचे कोणते बोलणे त्यांना अधिक लागले, ते त्यांच्या संमतीने दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) १ – (ग), २ – (ख).
(आ) १ – बरोबर, २ – चूक, ३ – बरोबर.